घोड्याच्या फटीतली हळद

१

दसरा झाला की रामहरी मिस्त्रीचं डोकं फिरायचं. बारामतीत भिगवण रोडला, एका टायरवाल्याच्या शेजारी त्याचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. बाहेर पत्र्याची पाटी, आत कुलपाचं लोखंडी कपाट, खिडकीखाली लाकडी बाक, आणि मागच्या बाजूला बार काढून बघायला वाळूनं भरलेलं पिंप. त्याच्या मागं दोन खोल्यांचं घर. एरवी वर्षभर दुकानात बसून माश्या मारायच्या, पण दसरा गेला की गिऱ्हाइकांची रीघ लागायची. कारण एकच. खंडेनवमीला लोक हत्यारं पूजतात, आणि पूजताना त्यांची पार वाट लावतात.

ट्रॅक्टर पूजा, पाण्याची मोटर पूजा, कोयता पूजा, त्याला रामहरीची हरकत नव्हती. पण बंदूक पाटावर मांडायची, तेलात कालवलेली हळद तिला चोपडायची, वर कुंकू, वर अक्षता, नळीत झेंडूच्या पाकळ्या, आणि तशीच उचलून कपाटात ठेवायची, हे बघितलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. "हत्यार हाय का जेजुरीचा देव?" असं तो भल्याभल्या पुढाऱ्यांना सुनवायचा. लोक हसायचे आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच करायचे.

या कामात लासुर्ण्याच्या द्वारकाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दादासाहेबाची बायको. दादासाहेब आणि रामहरी निमगाव केतकीच्या शाळेत एका बाकावर बसलेले, एकमेकांची पाटी पुसलेले. दादासाहेबाच्या आजोबांच्या काळात त्यांच्याकडं मेंढरांचे वाडे होते, बापाच्या काळात कालव्याचं पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. बापानं हौसेनं एक विलायती रिव्हॉल्वर घेतलं होतं. बावीस बोअरचं, एवढंसं, बंडीच्या खिशात मावणारं. परवान्यासकट ते दादासाहेबाकडं आलं, आणि दर खंडेनवमीला द्वारकाबाईच्या पाटावर जाऊन बसायला लागलं.

आता या जातीच्या रिव्हॉल्वरची खोड समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं ध्यानात येईल. याच्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, बुडाच्या कडेत असतो. चाप ओढला की घोडा, म्हणजे मागचा तो लोखंडी हातोडा, पुढं येतो. त्याचं नाक एका बारीक फटीतून आत शिरतं आणि त्या कडेवर ठोका देतं. ठोका खणखणीत बसला तर बार उडतो. फटीत तीळभर घाण असली की ठोका मऊ पडतो, नुसतं टक वाजतं आणि काडतूस फुसकं निघतं. द्वारकाबाई नेमकी त्या फटीत हळद लावायची. अनामिकेनं दाबून लावायची आणि बोट काढताना वरच्या अंगाला एक बारीक वळसा द्यायची. देवाला लावताना तसाच, उंबऱ्याला लावताना तसाच, तिच्या बोटाची ती सवयच होती.

एका दसऱ्याला रामहरी जेवायला गेला होता, तेव्हा त्यानं तिला धरलंच.

"वहिनी, समद्या अंगाला लावा, पर त्या फटीत नका लावू. बार उडत न्हाय मग."

"न उडलेलाच बरा की वो भावजी," द्वारकाबाई म्हणाली, आणि लावायची ती लावलीच.

दसऱ्यानंतर दादासाहेब ते घेऊन दुकानात यायचा, रामहरी शिव्या घालत साफ करायचा, दोघं मागं बसून जेवायचे. असं कितीतरी वर्षं चाललं.

२

शहाण्णव सालच्या संक्रांतीनंतर दादासाहेब एस्टीनं आला. दसऱ्याचा मोसम नव्हता, म्हणून रामहरीला जरा नवल वाटलं. त्यातून माणूस असा वाळला होता की सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता.

द्वारकाबाई जाऊन वर्ष उलटलं होतं. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर, कारखाना नुकताच सुरू झाला तेव्हाची गोष्ट. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ती म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. त्याच दिवशी ऊसतोडीची टोळी फडात उतरली होती. टोळी हातची गेली तर ऊस महिनाभर उभा राहणार, म्हणून दादासाहेब म्हणाला, संध्याकाळी बारामतीला जाऊ, तोवर पड जरा. संध्याकाळी तो फडातून आला तेव्हा ती चुलीपाशीच आडवी होती. चेहरा शांत, दुधाच्या पातेल्यावर झाकण घातलेलं. सवाष्ण गेली, हिरव्या बांगड्या भरून नेली, गाव म्हणालं भाग्याची. दादासाहेबानं त्या दिवसापासून कुणाशी धड बोलणं टाकलं. मुलगा राजवर्धन बारामती एमआयडीसीत नोकरीला, तिथंच बायको स्वरूपाबरोबर खोली घेऊन राहायचा. त्यानं बापाला हजारदा बोलावलं, बाप काही लासुर्णं सोडेना.

"उडत न्हाय," दादासाहेबानं रिव्हॉल्वर बाकावर ठेवलं. "बघ जरा."

रामहरीनं ते उघडलं, काडतुसांची घरं रिकामी केली, भिंग डोळ्याला लावलं आणि हसला. फटीत हळद.

"वहिनीनं मरूनबी माझा पिच्छा सोडला न्हाय बघ," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आपल्या तोंडाचा राग आला. दादासाहेब मात्र हसला नाही, रागावलाही नाही. तो फटीकडं बघत राहिला.

साफ करताना रामहरीच्या हातांना एक गोष्ट खटकली. चौऱ्याण्णवचा दसरा झाला तेव्हा हे आपणच साफ केलं होतं. पंच्याण्णवचा दसरा त्या घरात झालाच नाही, गमी होती. मग ही हळद कुठली? राहिली असेल आत कोपऱ्यात, आपलंच काम हलक्या हाताचं झालं असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण इतकी जुनी हळद वाळून खपली धरते, आणि ही कापसाच्या बोळ्यावर ओली उमटत होती.

त्यानं कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, बघितली, घोड्याचं नाक बघितलं, सगळं ठीक होतं. मागं नेऊन वाळूच्या पिंपात सगळी घरं उडवून दाखवली. कशावर मारतोयस, हे त्यानं विचारलं नाही. त्या साली उसात रानडुकरं फार शिरत होती, तेव्हा डुकरंच असणार, हे त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं.

जेवताना दादासाहेबानं अर्धी भाकरी मोडली आणि हात आवरला. प्रयागबाई, रामहरीची बायको, वाढायला उभी होती.

"भावजी, घ्या की अजून. पिठलं तुमच्या आवडीचं हाय."

"बास झालं. आता जात न्हाय."

तो गेल्यावर ताटातली भाकरी उचलता उचलता ती नवऱ्याला म्हणाली, "माणूस आतनं पार खचलाय. असल्या माणसाच्या हातात ते कशाला देताय तुमी?"

"परवाना त्याचा, हत्यार त्याचं. मी कोण ठिवून घेणार?" रामहरी म्हणाला. हे बरोबरच होतं. तरी त्या दुपारी त्याला झोप लागली नाही.

३

पंधरवडा गेला असेल नसेल, दादासाहेब पुन्हा दारात.

"घरी गेलं की उडत न्हाय रं."

रामहरीनं ते उघडलं. या वेळी सगळ्या घरांत मिळून एकच काडतूस होतं. ते बाकावर पडलं, गडगडत बाकाच्या लोखंडी पकडीला जाऊन टेकलं. रामहरीनं उचलून भिंगाखाली धरलं. बुडाच्या कडेवर ठोक्याची एक खूण असते. फार तर दोन. या काडतुसाच्या कडेला गोल फिरून खुणा होत्या, करंजीच्या कडेला मुरड घालावी तशा. म्हणजे टक झालं, काढलं, जरासं फिरवलं, परत घातलं, परत टक. शहाणा माणूस फुसकं निघालेलं काडतूस टाकून देतो आणि दुसरं घालतो. इथं कुणीतरी एकाच काडतुसाच्या मागं लागलं होतं.

रामहरी त्या खुणांकडं बराच वेळ बघत होता. त्याला काय दिसलं? तर एकेक ठोका किती मऊ आहे ते दिसलं. घोडा पूर्ण पुढं येत नाही, नाकाला काहीतरी आडवं येतंय, हे दिसलं. दादासाहेब समोरच्या स्टुलावर बसून स्वतःच्या तळव्याकडं बघत होता, ते दिसलं नाही.

फटीत हळद होती. ओली, तेलाचा वास येणारी. वरच्या अंगाला बारीक वळसा.

"देवपूजा कोण करतं आता?" रामहरीनं आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"कोण न्हाय. ती गेल्यापासनं मी देवाला हात लावला न्हाय."

"मग ही हळद?"

दादासाहेबानं मान वर केली नाही. "तू साफ कर. तुझ्या हातनं व्हतंय. माझ्या हातनं हुत न्हाय."

रामहरीनं साफ केलं आणि हत्यार ठेवून घेतलं. म्हणाला, चार दिवस राहू दे, माझ्या नजरेखाली ठेवून बघतो. लोखंडी कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला. रोज सकाळी काढून फट बघायची, पिंपात एक बार काढायचा. फट रोज कोरडी, बार रोज खणखणीत. त्याला बरं वाटलं आणि जरा चीडही आली. दुकानात उडतंय आणि घरी उडत नाही, हे कसलं दुखणं? तो काही भुताखेतांतला माणूस नव्हता. घरातच कुणीतरी हे करतंय, शेजारची एखादी बाई येत असेल, किंवा दुःखानं दादासाहेब स्वतःच लावतोय आणि त्याला आठवत नाही. कारण शोधून काढल्याशिवाय रामहरी मिस्त्रीनं कधी काम सोडलं नव्हतं, तेव्हा त्यानं ठरवलं की लासुर्ण्याला आपणच जायचं.

४

भवानीनगर, जंक्शन ही गावं मागं टाकत त्याची एम-एटी गाडी लासुर्ण्याला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दादासाहेबाचं घर गावाबाहेर, कालव्याच्या कडेला, चार खोल्यांचं स्लॅबचं. भोवतीचा ऊस तुटून गेला होता. एरवी तीन बाजूंनी हिरव्या भिंती असणारं ते घर आता उघड्यावर आल्यासारखं दिसत होतं, आणि पाचट जाळल्याचा वास भरून राहिला होता.

निघण्यापूर्वी रामहरीनं दुकानात पांढऱ्या फडक्यानं ती फट पुसली होती. फडकं कोरं निघालं तेव्हाच हत्यार पिशवीत घातलं होतं. आता त्यानं ते बाहेर काढून बाहेरच्या खोलीत, देवघराच्या दाराशेजारच्या फळीवर ठेवलं.

दादासाहेब चहा करायला आत गेला. थोड्या वेळानं आतून हाक आली. "रामहरी, साखर कुठं असल रं?"

रामहरी आत गेला. वर्ष झालं बायको जाऊन, आणि याला साखरेचा डबा ठाऊक नाही. इतके दिवस बिनसाखरेचा पितोय की पीतच नाही? दोघांनी मिळून डबे उघडले. एकात शेवया निघाल्या, तिनं केलेल्या, अळ्या पडलेल्या. दादासाहेबानं तो डबा हळूच बंद करून होता तिथं ठेवला. साखर मिळाली नाहीच.

बिनसाखरेचा चहा पिऊन रामहरी रिव्हॉल्वर उचलून मागच्या बांधावर गेला. मातीच्या ढिगावर नेम धरला. टक. पुन्हा टक. सगळी घरं फिरली आणि एकही बार उडाला नाही. शेजारच्या लिंबावरचा कावळासुद्धा हलला नाही. त्यानं घोडा मागं ओढून फट बघितली. फट हळदीनं भरली होती. वळशाचं टोक अजून ओघळत होतं.

तो तसाच देवघरात शिरला. देवांवर धूळ, समईत वाळलेली वात, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. हळदीकुंकवाची कोयरी पालथी पडली होती. उचलून बघितली तर कोरडी ठणठणीत, दोन्ही घरांत नुसती धूळ.

"घरात कोण येतं?"

"कोण न्हाय," दारात उभा राहून दादासाहेब म्हणाला.

"मग लावतं कोण?"

"ती हुती तवा ती लावायची. तुला म्हणलं न्हाय का, माझ्या हातनं हुत न्हाय. मी पुसून बघितलं. किती येळा पुसलं."

रामहरीनं फडक्यानं फट पुसली, हत्यार पुन्हा त्याच फळीवर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. बघूच म्हणाला. दादासाहेब उंबऱ्यावर त्याच्याकडं पाठ करून बसला, कालव्याकडं बघत. घरात इतकी शांतता की मोरीतला थेंब ऐकू येत होता. रामहरी फळीवरून नजर काढत नव्हता. त्याला आपलं हसू येत होतं आणि हसायची छाती होत नव्हती.

रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली. टेपवर मोठ्यानं गाणं, बायका हसताहेत. त्याची मान क्षणभर तिकडं वळली.

मागं काकणं वाजली. भाकरी थापताना वाजतात तशी, जरा घाईनं.

तो वळला तेव्हा देवघराच्या चौकटीतून एक हात फळीपर्यंत आलेला होता. मनगटापर्यंतच दिसला. हिरव्या बांगड्या, करकरीत नव्या. अनामिका पिवळी. ते बोट त्या फटीत दाबून दाबून भरत होतं, उतू चाललेल्या पातेल्यावर बाईनं धावत येऊन पाणी मारावं तसं. मग चौकट रिकामी झाली. फळीवर रिव्हॉल्वर होतं, आणि हळदीचा एक थेंब फळीच्या कडेवरून खाली पडला.

दादासाहेबानं वळून बघितलं नव्हतं. त्याचे खांदे मात्र हलत होते.

५

रामहरी पळून आला असं म्हणायला हरकत नाही. पण पळतानाही त्यानं हत्यार पिशवीत घातलंच. गाडी चालवताना एकच विचार डोक्यात होता. ते जे काही त्या घरात आहे ते दादासाहेबाला सोडत नाहीये, त्याच्या वस्तूंना हात लावतंय, त्याला सुकवून सुकवून नेणार आहे. ते फटीत शिरू द्यायचं नाही. भूत घालवायची विद्या त्याच्याकडं नव्हती, पण फट बुजवायची विद्या होती.

त्यानं दुकान बंद करून काम केलं. पितळेची बारीक चकती कापली, कानशीनं घासत घासत घोड्याच्या नाकाभोवती अशी बसवली की नाक तेवढं सरकेल आणि केसभरसुद्धा जागा उरणार नाही. कमान बदलली, चांगली करडी घातली. असलं नाजूक काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली थोडा अभिमानही होता.

प्रयागबाईला त्यानं हाताचं सांगितलं. ती चूल फुंकता फुंकता थांबली.

"हात मारायला आला हुता का?"

"न्हाय. हळद लावत हुता."

"मग तुमी कशाला मधी पडताय?" ती म्हणाली. "लावती तर लावू द्या की तिला."

"आगं, मेलेलं माणूस घरात वावरतंय, आन लावू द्या म्हणतीस?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंड फिरवलं.

दादासाहेब हत्यार न्यायला आला तेव्हा रामहरीनं त्याच्यासमोर फट दाखवली, चकती दाखवली, पिंपात बार काढून दाखवले.

"आता बाहेरचं कायबी आत जाणार न्हाय," तो म्हणाला. "कोणबी आडवं येऊ दे."

"नक्की?"

"माझं काम हाय दादा. नक्की."

दादासाहेबानं ते खिशात ठेवलं आणि रामहरीचा खांदा धरून थोडा वेळ उभा राहिला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. दोन भाकऱ्या खाल्ल्या, पिठलं मागून घेतलं, शाळेतल्या मास्तरांची नक्कल केली. जाताना प्रयागबाईला म्हणाला, "वैनी, लय दिवसांनी ग्वाड लागलं." एस्टी हलल्यावर त्यानं खिडकीतून हात केला. रामहरीला इतकं बरं वाटलं की परत येताना त्यानं पेढे आणले.

६

त्याच दिवशी संध्याकाळी राजवर्धन मोटारसायकलवरून आला तेव्हा दुपारचे पेढे अजून संपले नव्हते. कंपनीचे कपडे अंगावर तसेच. दारातच खाली बसला.

"काका, आबांनी..." एवढंच म्हणाला.

कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी बार ऐकला होता. एकच. त्या म्हणाल्या, बार उडायच्या आधी घरातून बाईमाणसाचा आवाज आला, मोठ्यानं, न्हाय न्हाय म्हणून. त्यांना वाटलं स्वरूपा आली असेल. स्वरूपा तर बारामतीत होती. राजवर्धननं हे सांगितलं, आणि रामहरीकडं बघत राहिला, काका काही उलगडा करतील म्हणून.

तेरावं झालं आणि थोड्याच दिवसांत लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. पोलिसांची नोटीस फिरली, परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करा. आणखी थोडा काळ ते रिव्हॉल्वर बाकावर खोललेलं पडलं असतं, तर ठाण्याच्या पेटीत गेलं असतं आणि उन्हाळाभर तिथंच राहिलं असतं. लोक हत्यारं जमा करायच्या आधी रामहरीकडं तपासून न्यायला यायचे, तेव्हा तो मान खाली घालून काम उरकायचा.

ते मुरड घातल्यासारखं काडतूस त्याच्या खणात राहिलं होतं. एका दुपारी त्यानं ते पुन्हा भिंगाखाली धरलं आणि या वेळी त्याला नीट दिसलं. जितक्या खुणा, तितक्या रात्री-दुपारी दादासाहेब त्या घरात ते हत्यार घेऊन बसला होता, आणि तितक्या वेळा ती मध्ये आली होती. डुकरं म्हणे. बावीसच्या गोळीनं डुकराच्या कातड्याला खाजसुद्धा सुटत नाही, हे रामहरी मिस्त्रीइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं भिंग घेऊन, कानस घेऊन, का उडत नाही ते शोधलं. कशावर उडवतोयस हे एकदाही विचारलं नाही. समोर स्टुलावर माणूस बसला होता, आणि त्यानं चौकशी केली ती लोखंडाची.

तो प्रयागबाईपाशी जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

७

पोलिसांचे सोपस्कार उरकून हत्यार सुटायला दुसरं वर्ष लागलं. राजवर्धननं ते कागदोपत्री रामहरीच्या दुकानात जमा केलं. "मला नको ते घरात," म्हणाला. "तुमी ठिवा नायतर मोडून टाका."

रामहरीनं ते बाकावर घेतलं आणि उघडलं. फट स्वच्छ होती. चकती जागच्या जागी, घट्ट. फक्त चकतीच्या बाहेरच्या अंगाला, पितळेवर, हळदीचे ओरखडे होते. वाळलेले, एकावर एक, नखानं काढल्यासारखे. आत मात्र काही गेलं नव्हतं. काम चोख झालं होतं.

ती चकती त्यानं त्याच दिवशी काढून टाकली. कमानही काढली.

त्या खंडेनवमीला त्यानं प्रयागबाईकडं हळद मागितली, तेलात कालवून. जन्मभर या हळदीला शिव्या घातलेल्या माणसानं दुकान झाडलं, पाट मांडला, त्यावर ते एवढंसं रिव्हॉल्वर ठेवलं. अनामिकेवर हळद घेतली, घोड्याच्या फटीत दाबून भरली, आणि बोट काढताना वरच्या अंगाला वळसा दिला. जमला तसा दिला. हात जोडले. "वहिनी, चुकलं," म्हणाला. मग ते कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली.

दसऱ्याच्या सकाळी कपाट उघडलं. फट पुसलेली होती. लख्ख, कोरडी, हळदीचा पिवळा डागसुद्धा नाही. शेजारी, आदल्या दिवशी चुरगाळून टाकलेलं त्याचं पांढरं फडकं नीट घडी घालून ठेवलेलं होतं, बायका घालतात तशी. घडी उलगडली तर आतल्या कोपऱ्यात सगळी हळद होती.

तेव्हापासून दर खंडेनवमीला तो ती लावतो. दसऱ्याला घडी घातलेलं फडकं मिळतं. त्याच्या हातची हळद तिनं अजून ठेवून घेतलेली नाही.